दामिनीच्या मशीनवरचे फोटो

दामिनी आपल्याला फारशी ठाऊक नव्हती, हे खुशालरावांना शोकसभेत उमगलं. दर्यापूरच्या स्टँडवर तिला ऊन लागलं, आणि दवाखान्यातून ती परत आलीच नाही. अकोल्यातल्या त्यांच्या कॉलनीने मंदिरात सभा ठेवली, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"काका, तुमीच बोला. तुमचेच फोटो होते ना तिच्या मशीनवर!"

खुशालराव उठले आणि हात जोडून खाली बसले. काय बोलणार? ती शेजारच्या घरात एकटी राहायची आणि नोकरीसाठी रोज जीपने दर्यापूरला जायची. तिचं गाव कोणतं, लग्न का केलं नाही, काहीच त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ठाऊक होतं ते तिचं वेड. एक जुना कॉम्प्युटर तिने सर्व्हर म्हणून घरातच मांडला होता. आपले फोटो, आपले कागद परक्या कंपनीकडे कशाला ठेवायचे, असं ती म्हणायची. त्यातलं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही वापरायला खुलं.

"म्हंजे गावपंगत म्हण ना," खुशालराव म्हणाले होते.

"हौ काका. पण भांडी आपली आपणच घासायची."

कॉलनीत सगळे तिला हसायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून खुशालरावांनी आपले फोटो तिच्या मशीनवर ठेवायला दिले. पोरगी हरखून गेली. तिच्याशिवाय ते वापरणारं दुसरं कुणीतरी मिळालं होतं.

पुढे मुलाने त्यांना नवा फोन घेऊन दिला. फोटो पाहायचं दामिनीचं अॅप त्यात आलंच नाही. पासवर्ड ते विसरले होते आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. फोटो तर सगळे मुलाकडेही होते. त्यामुळे फोटो दिसतात का, असं तिने विचारलं की ते म्हणायचे, "फस्ट क्लास!"

खरं तर मशीनमध्ये पाहिलं असतं तर काका फोटो उघडतच नाहीत, हे तिला कळलं असतं. पण ती पाहायचीच नाही. "मशीन माझी, काका, पण घर तुमचं. त्यात मी डोकावत नाई." आणि लाइट गेली की ऑफिसातून फोन यायचा, "काका, घाबरू नका, बॅटरीवर चालू हाय."

मे महिन्यात एका संध्याकाळी ती गादी घेऊन गच्चीवर चढताना दिसली. अंगण शिंपणाऱ्या खुशालरावांच्या बायकोने, मैनाबाईंनी विचारलं, "काहून वं, कूलर बिघडला का?"

"नाई काकू. मशीन तापून राहिली, तिच्या खोलीत लावला. माझं काय, मी झोपतो वर. काकाचे फोटो हायेत तिच्यात, बंद कशी ठेवू?"

मैनाबाई घरात आल्या त्या तणतणतच. "ऐकलं? पोरगी भट्टीत झोपून राहिली तुमच्यापायी. अन् तुमी वर्षभरात एकदा तरी उघडलं का ते? सांगून टाका तिले."

"तिले वाईट वाटन."

"वाईट वाटन तर वाटन! निदान कूलरखाली तर झोपन."

"उद्या सांगतो."

त्या उद्याला बरेच दिवस लागले. रोज सकाळी ते फाटकाशी उभे राहायचे आणि रोज ती घाईत असायची. निदान ते स्वतःला तसं सांगायचे. गच्चीवरच्या उकाड्याने ती उतरल्यासारखी दिसत होती, डोळे लाल असायचे. तेही त्यांना दिसत होतं. ऊन लागण्याशी गच्चीवरच्या त्या झोपेचा संबंध होता की नव्हता, हे कुणी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमत खुशालरावांनाही झाली नाही.

शेवटच्या सकाळी तर त्यांनी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. ती ओढणी डोक्यावर घेत बाहेर आली. त्यांनी हाक मारली, "दामिनी, थांब जरा."

ती थांबली. "काय झालं काका? फोटो दिसून नाई राहिले का?"

तिच्या चेहऱ्यावर एवढी काळजी होती, की जुळवलेलं वाक्य त्यांनी बदललं.

"दिसून राहिले ना. चांगले दिसून राहिले."

"मंग झालं," ती हसली. "येतो काका."

"ये."