चौदाव्या दिवसाचा गाऊन

अमरावतीत बाबांची ऑक्सिजनची वीस सत्रं ठरली होती. पारदर्शक नळकांड्यात झोपवायचं, आतला दाब वाढवायचा आणि तासभर शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. स्मृतिभ्रंशावर हा सिद्ध झालेला उपाय नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. मला एकच पाहायचं होतं: सकाळचं बाबांना संध्याकाळी आठवतं का. रोज सहा वाजता विचारायचो, "आज सकाळी काय झालं?" आठवलं तर एक, नाही तर शून्य. तेरा दिवसांत तेरा शून्यं.

चौदाव्या सकाळी बाबांनी गाऊन घालायला साफ नकार दिला. आत फक्त सुती कापड चालतं. कृत्रिम धाग्यानं ठिणगी उडायची भीती असते. बाबांनी बाही दोन बोटांत चोळली. धामणगाव रेल्वे गावच्या कापूस बाजारात चौतीस वर्षं त्यांनी कापसाची प्रत ठरवली होती.

"हे सुती नाई. मिलावट हाये."

"काका, रोजचाच आहे," सिस्टर म्हणाली.

"काहून जाळता वं बाई मले?"

मी ओशाळलो. "बाबा, घाला ना. उशीर होतोय."

"तू गप. धागा काढ अन् बाहेर काडी लावून पाह्य."

त्यांच्या समाधानापुरता मी फाटकाबाहेर जाऊन धागा पेटवला. सुताची राख होते. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. मी पळतच आत आलो. सिस्टरनं ढीग उपसला, तर आठातले तीन गाऊन दुसऱ्या वॉर्डाचे, धुलाईत मिसळलेले! मला नाचावंसं वाटत होतं. पण ही बोटांची जुनी सवय, ऑक्सिजनचा गुण नव्हे, असं स्वतःला बजावलं.

संध्याकाळी सहाला बारा मिनिटं होती. मी बाहेरून आलो, चपला काढत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला. ते आईला सांगत होते, "आज सकाळी ते मले मिलावटीचा गाऊन घालून रायले होते. धागा जाळाले लावला, तवा पटलं त्यायले."

तेही कुणी न विचारता! मी धावतच आत गेलो आणि एक मांडला. मग राहवलं नाही, म्हणालो, "आई, एका आकड्यानं काही सिद्ध होत नाही. भांडण झालं म्हणूनही लक्षात राहिलं असेल."

"तुहा आकडा ठेव तुह्याजवळ," आई म्हणाली. "साल झालं, यायनं मले दिवसाचं काई सांगतलं नव्हतं." ती बाबांकडे वळली. "मंग? सिस्टर काय म्हणे?"

"तोंड पाह्याले पायजे होतं तिचं," बाबा म्हणाले.