शेवंताक्कांचा हात

गावात कुणी बाई विधवा झाली, की बारावं उरकल्यावर शेवंताक्का तिच्या घरी जात. सांत्वनाचं अक्षरही बोलत नसत. पिशवीतून जुन्या लुगड्यांचे धुतलेले तुकडे आणि सुई-दोरा काढून तिच्या पुढ्यात ठेवत. म्हणत, "रडू दाबू नगं. पन हात हालता ठेव."

आष्ट्याजवळच्या त्या गावात मी शिक्षिका होते आणि अक्कांच्या घरी भाड्यानं राहत होते. अक्का स्वतः ऐन पंचविशीत विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. त्यांच्या सोप्यात दहा-बारा विधवा वाकळा शिवायच्या, आणि या गोधड्या सांगलीच्या दुकानात विकल्या जायच्या. टाका वाकडा गेला, की अक्का अख्खी ओळ उसवायला लावत. "बिचारीनं शिवलीया म्हनून कुनी घ्यायला नगं. ऊब हाय म्हनून घ्यावी."

सुनंदा त्यांच्यात सगळ्यात धाकटी. नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तेव्हा ती जेमतेम तेवीस वर्षांची होती. सासऱ्यानं तिचं बाहेर पडणं बंद केलं. अक्का चार दिवस त्यांच्या उंबऱ्याबाहेर वाकळ शिवत बसल्या. पाचव्या दिवशी सासराच म्हणाला, "न्या बाई हिला. लोक बघत्यात."

एकदा गावातल्या एका बाईनं नातवासाठी सुनंदाकडून दुपटी शिवून नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून टाकली. "विधवेच्या हातची हायती, हे मला कुनी सांगितलं न्हाई. बाळाला कशी घालू?"

सुनंदाची मान खाली गेली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तू पोटात असताना तुजा बाप गेला. मग तुला पहिलं दुपटं कुनी शिवलं गं?"

बाई पाठ फिरवून चालू लागली. दुपटी मात्र तिनं नेली नाहीत. ती गेल्यावर अक्कांनी सुनंदापुढं नवं कापड ठेवलं. "शिव."

दोन वर्षांनी शिराळ्याकडच्या एका बायको वारलेल्या शेतकऱ्यानं सुनंदाला मागणी घातली. सासरच्यांना ते पसंत नव्हतं. अक्कांनीच पुढं होऊन लग्न जमवलं, हळद आमच्याच सोप्यात ठेवली. पाटावर बसल्या बसल्या सुनंदा म्हणाली, "पहिली हळद अक्का लावनार."

अक्का भिंतीकडं सरकल्या. दोन्ही हात पदराखाली गेले. "न्हाई गं पोरी. सवाष्णीनं लावावी. माजा हात नगं."

"का म्हनून?"

"तुजं काय वाईट झालं तर?"

साऱ्या गावाला उत्तरं देणारी बाई पदर हातांभोवती घट्ट गुंडाळत होती.

सुनंदानं वाद घातला नाही. ती पाटावरून उठली, अक्कांचा हात पदराबाहेर ओढला, हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर धरून ठेवला. अक्कांनी तो काढून घेतला नाही.

त्याच वर्षी थंडीत अक्का गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसले होते, तेव्हा म्हणाल्या, "बाई, लय जनींची भीती काढली मी. माजी तेवढी त्या पोरीनं काढली."