एक किलो दोनशे बत्तीस ग्रॅम

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत आणलेली नाही. तो ती दाखल करून घेतो. अंबडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तो तपासणी विभागात होता. बाहेरून आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, उलटासुलटा करून बघायचा आणि त्यावर हिरवी किंवा लाल चिठ्ठी लावायची, हे त्याचं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण स्वभावाला कोण निवृत्त करणार? आमच्या नाशिक रोडच्या घरातला मिक्सर, कुकर, गादी, सगळे त्या मांडवाखालून गेलेले आहेत. एकदा मी आणलेला कोबी त्याने फुटपट्टी लावून मोजायला घेतला, तेव्हा मात्र मी त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं.

त्याच्या कारखान्यात एक रीत होती. नवीन मशीन आलं की काही दिवस ते चालवून बघायचं, आणि पास होईपर्यंत त्याच्यापुढे नारळ फोडायचा नाही की त्याला कुंकू लावायचं नाही. पास झालं की साग्रसंगीत पूजा. एकदा कुंकू लागलं की मशीन आपलं. मग त्याची कुरकुर पुरवठादाराला सांगायची नाही, आपणच निभावून न्यायची. माझ्या नवऱ्याचा देवावर असेल त्याहून जास्त विश्वास या रीतीवर आहे. आमच्या लग्नात कुंकू आधी लागलं आणि तपासणी नंतर सुरू झाली, एवढीच काय ती गफलत.

गेल्या हिवाळ्यात सायखेड्याला माझी आई अंगणात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने सोबतीला माणूस हवं. मी एकुलती एक. मावशी येऊन राहिली होती, पण तिच्या घरी लग्न निघालेलं. दहाबारा दिवसांवर ती थांबणार नव्हती. आईला नाशिकला चल म्हणावं तर ती गोदावरीच्या काठाचं घर सोडायला तयार नाही. म्हणून मी ठरवलं, दोन महिने आपणच जायचं.

नवऱ्याला म्हटलं, "तुम्हीही चला ना. इथे एकटे काय करणार?"

"सासुरवाडीत दोन महिने?" तो असा दचकला, जणू मी त्याला पळून जायला सांगत होते. "जावई दोन दिवसांचा पाहुणा बरा. तिसऱ्या दिवशी गाव विचारतं, कामधंदा आहे का म्हणून."

त्याच्या जेवणाचा डबा लावून झाला. राहिलं माझं काम. मी घरबसल्या भाषांतरं करते. ऑनलाइन विक्रीच्या दुकानांसाठी वस्तूंची वर्णनं मराठीत आणायची. 'पिसासारखा हलका', 'दिवसभर टिकणारी बॅटरी', 'काम आणि करमणूक दोन्हींचा सोबती' हे जे तुम्ही वाचता आणि ज्यावर विश्वास ठेवता, त्यातलं बरंचसं मी इथे बसून, त्या वस्तू न बघता लिहिलेलं असतं. आणि हे सगळं लिहायला माझ्याकडे जो लॅपटॉप होता, तो उचलताना कमरेत उसण भरायची. त्याची बॅटरी केव्हाच गेलेली. वायर भिंतीतून निघाली की तो मिटला. सायखेड्याला वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे त्याचा उपयोग पाटा म्हणूनच झाला असता.

तेव्हा मी एक सडपातळ, हलका लॅपटॉप मागवला. दहा दिवसांत परत करायची मुभा होती. हिशोब सरळ होता. तो चांगला निघाला तर मी कामासकट आईकडे जाणार. परत गेला तर दुसरा येईपर्यंत मावशी निघून जाणार, म्हणजे मी एकतर काम सोडायचं, नाहीतर आईला वाऱ्यावर. हे मी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तपासणी फारच काटेकोर करावी लागेल."

खोकं उघडण्याचा मान त्याचा. आतल्या प्रत्येक पुठ्ठ्यावर त्याने पेन्सिलने आकडा घातला, परत पाठवताना गोंधळ नको म्हणून. झाकणावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, स्टिकर सोलायचा नाही, आणि मी जेवताना लॅपटॉपच्या आसपास फिरकायचं नाही, असे नियम झाले. मग दिवाळीच्या फराळाचं सामान मोजायचा माझा काटा आला. कंपनीने लिहिलं होतं एक किलो दोनशे. भरला एक किलो दोनशे बत्तीस.

"बत्तीस ग्रॅम जास्त," तो म्हणाला.

"प्लॅस्टिक काढलं तर उतरेल."

"प्लॅस्टिक काढायचं नाही." आणि मग त्याने चार्जर वेगळा मोजला. तीनशे दहा. "याचं वजन कोण धरणार? हलका हलका म्हणून गावभर सांगायचं आणि वजन वायरीत लपवायचं." हे मला पटलं. अशी वाक्यं मीच लिहिते, पण चार्जरचं वजन मी कधीच लिहिलेलं नाही. कुणी मला ते सांगितलंच नव्हतं.

पुढचे दिवस घराचा तपासणी विभाग झाला. निरोपाच्या वेळी कारखान्याने दिलेला व्हर्नियर कपाटातून निघाला आणि लॅपटॉपची जाडी चारी कोपऱ्यांत मोजली गेली. झाकण शंभर वेळा उघडून मिटलं गेलं, मोठ्याने आकडे म्हणत. सत्तरीच्या पुढे गेल्यावर शेजारच्या वहिनी दारात येऊन विचारून गेल्या, घरात कुणी सूर्यनमस्कार घालतंय का. पडदा गॅलरीतल्या उन्हात नेला, तर त्यात अक्षरांच्या ऐवजी त्याचा स्वतःचा चेहरा दिसला. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने नोंद केली, 'उन्हात निरुपयोगी.' पडदा की चेहरा, हे मी विचारलं नाही.

करमणुकीची चाचणी दोन दिवस चालली. एक जुनी क्रिकेट मॅच, जिचा निकाल त्याला पाठ आहे, ती मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याने संपूर्ण पाहिली. मांडी गरम झाली, पण पायजम्यातून सोसवेल इतपत. आवाज बारीक, समालोचक डब्यात बसून बोलतोय असं त्याचं मत पडलं. कळा मात्र मऊ होत्या. मी मजकूर टाइप करायची आणि तो शेजारी बसून चुकलेली अक्षरं मोजायचा. त्या चुका लॅपटॉपच्या खात्यात घालायच्या की माझ्या, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. लग्न होऊन सासरी गेलेल्या आमच्या मुलीच्या लहानपणचे फोटो ज्या पेन ड्राइव्हमध्ये आहेत, तो लावायला या सडपातळ देहात भोकच नव्हतं. त्यासाठी वेगळं जोडसाधन घ्यावं लागणार होतं. नवऱ्याला मनापासून आनंद झाला.

खरी परीक्षा बॅटरीची. सकाळच्या चहाला चार्जर काढला आणि मी नेहमीचं काम सुरू केलं. दर तासाला तो येऊन टक्के बघायचा आणि वहीत लिहायचा. मी 'दिवसभर टिकणारी' लिहिते तेव्हा मनात दुपारपर्यंत धरते. हा नऊ तास वीस मिनिटं चालला. मी खुशीत शिरा केला. तो म्हणाला, "उद्या पुन्हा घेऊ. एका रीडिंगवर जाता येत नाही." दुसऱ्या दिवशीही नऊ तास वीस मिनिटं.

तिकडे मावशीचे फोन सुरू झाले होते. नवव्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, "आता निकाल द्या. उद्याच मुदत संपतेय आणि परवा मावशी निघणार."

त्याने वही माझ्यापुढे सरकवली. कारखान्यात करायचा तशीच रेघा आखून केलेली. बारा मुद्दे, समोर मोजमाप, त्यापुढे 'ठीक' किंवा 'चालेल'. आणि तळाशी, ठसठशीत अक्षरात, 'अमान्य. परत करावा.'

मी पानभर कारण शोधलं. उन्हातला पडदा, 'चालेल'. भोकं कमी, 'चालेल'. मग दोषाच्या रकान्यात एकच ओळ सापडली. 'वजन फार कमी. सहज उचलून कुठेही नेता येतो.'

माझं डोकंच फिरलं. "हलकं असणं हा दोष? अहो, हलका म्हणूनच घेतलाय तो!"

"तपासणीत जे आढळलं ते लिहिलंय."

"नऊ दिवस मी त्या प्लॅस्टिकवरून तुमचं ऐकून घेतलं. माझी आई तिकडे पडलीय, आणि तुम्ही बत्तीस ग्रॅम धरून बसलाय! सरळ सांगा ना, मी जाऊ नये म्हणून."

तो वही मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीकडे बघताना माझा राग टिकेना, याचाच मला जास्त राग आला. तो सकाळी पेपर मोठ्याने वाचतो, मी काम करता करता हूं म्हणते. दूध किती उतू गेलं, नळाला पाणी किती मिनिटं आलं, हे तो मला येऊन सांगतो. मोजायला काहीही चालतं, पण मोजलेलं ऐकायला माणूस लागतं. हे मला आधी कळायला हवं होतं. पण मीच कुठे रिकामी होते? लोकांना वस्तूंचे गुण सांगत बसले होते.

सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर देवघरापुढे पाट मांडलेला. पाटावर लॅपटॉप, झाकणावरचं प्लॅस्टिक काढलेलं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, हळद, अक्षता आणि अंगणातलं एक जास्वंदीचं फूल. नारळाची शेंडी हातात धरून नवरा उभा.

"अहो, हे काय? आता परत घेणार नाहीत तो."

"नाहीच घेणार," तो म्हणाला. "कुंकू लागलं की आपला." आणि नारळ फोडायला बाहेर गेला.

बॅग त्याने स्वतः भरली. एसटीच्या खिडकीपाशी उभं राहून त्याने मला दोनदा बजावलं, पुलावर धक्के बसतात, लॅपटॉप मांडीवर घे. मांडीवर काही आहे हे मला सायखेड्यापर्यंत जाणवलंसुद्धा नाही. जाहिरातीत मी लिहिलेलं पहिल्यांदाच खरं ठरत होतं, आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

आईने तो पलंगावरून हातात धरून बघितला. "लय हलकं हाय गं हे. ताटलीवानी. आन् कुंकू कोनी लावलं?"

"जावयाने."

"मंग चांगलंच आसंल," आई म्हणाली.

पहिल्या दिवशी काम छान झालं. संध्याकाळी बॅटरी उतरली म्हणून बॅग उघडली तर चार्जर नाही. कप्पे उलटे केले. नाहीच. फोन लावला.

"चार्जर आहे इथे," पलीकडून लगेच उत्तर आलं. "टेबलावर राहिला. सकाळी पहिल्या गाडीने घेऊन येतो."

पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर आकडे घालणारा माणूस तीनशे दहा ग्रॅमची वस्तू विसरला की मुद्दाम ठेवून घेतली, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. पहिली गाडी किती वाजता सुटते हे त्याला तोंडपाठ होतं, एवढं मात्र लक्षात आलं.

सकाळी तो ओट्यावर हजर. एका हातात चार्जर, दुसऱ्या हातात कपड्यांची फुगलेली पिशवी. आईने पलंगावरूनच पिशवीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवला. तो दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून, टोकावर बसला, पाहुणा बसतो तसा.

"कवा निघायचं म्हन्ता, जावईबापू?" आईने रीतीप्रमाणे विचारलं. "जेवून जा म्हंजे झालं."

"दुपारच्या गाडीने," तो कपाकडे बघत म्हणाला.

"कसे निघतील?" मी म्हटलं. "आई, बॅटरी अजिबात टिकत नाही गं त्या लॅपटॉपची. दोन तासांत संपते. सारखा चार्जर लावावा लागतो, आणि तो सैल बसतो. तो यांनाच नीट लावता येतो."

"मंग राहू द्या की," आई म्हणाली. "मशिनीचं काम हाय. मानूस लागतंच."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. नऊ तास वीस मिनिटं, दोनदा घेतलेलं रीडिंग, त्याच्या वहीत शाईने लिहिलेलं होतं. आणि बत्तीस वर्षांत त्याने कुणाचा चुकीचा आकडा खपवून घेतला नव्हता. त्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली, खुर्चीत जरा मागे सरकून बसला.

"हो ना," तो म्हणाला. "बॅटरीचा दोषच आहे तो."