चेतनाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

मरोळ गावठाणात क्रुसाजवळच्या हॉलमध्ये दुपारी मुली टॅबवर अभ्यास करतात. खिडकीजवळच्या खुर्चीवर मात्र कोणी बसत नाही.

"ती चेतनाची आहे," नीला मला म्हणाली. "ती गावी गेली, पण रोज येते."

"म्हणजे?"

"बघा ना ताई." तिने टॅबवरची वर्गाची यादी दाखवली. चेतनाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. ती या क्षणी गणितं सोडवत होती. खुर्ची रिकामी होती. मागे टेबलाशी मुलींचा अभ्यास घेणाऱ्या फ्रेडाबाई आपल्या टॅबवर मान खाली घालून बसल्या होत्या.

हे ॲप चालवणाऱ्या संस्थेत मी तांत्रिक काम बघते. त्या दिवशी घरी जाऊन मी नोंदी उघडल्या. चेतना, गावी गेल्यापासून एकशे सव्वीस दिवस, रविवार सोडून एकही खाडा नाही. जवळजवळ सगळं हॉलमधूनच, बाईंच्या टॅबवरून.

फ्रेडाबाई शिक्षिका नव्हेत. अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन बोर्ड सांभाळला. तिथला धडा त्या अजून सांगतात: समोरचा गप्प झाला तरी लाइन तोडायची नाही. कागद शोधत असेल, रडत असेल. तोडली की माणूस गेला.

चेतना आठवीत होती. अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे आकडे मिळवायची आणि खालचेही. बाई रोज ओरडायच्या, ती रोज तेच करायची. फेब्रुवारीत वडिलांनी तिला आत्याची मुलं सांभाळायला गावी धाडलं. जाताना ती म्हणाली, "बाई, माझं नाव काढू नका हां. मी येणार."

आणि आमचं ॲप, तीस दिवस कोणी आलं नाही की नाव आपोआप बंद करतं.

"मग मी काय करणार गो, मीरा?" दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या. "तिचा पासवर्ड मलाच ठाऊक. रोज दोन-दोन गणितं सोडवली. लाइन चालू ठेवली."

"मला एक फोन करायचात ना बाई. एका मिनिटात ती अट काढली असती."

बाई हसल्या. "जन्मभर लोकांचे फोन जोडले. स्वतःचा करायचं सुचलं नाही बघ."

मग मी त्यांना उरलेली नोंद दाखवली. जूनमध्ये तीन दुपारी चेतनाचं खातं दुसऱ्याच फोनवर उघडलं होतं. दूर, तिच्या गावाकडून. वेळ एक चाळीस. तोवर बाई अपूर्णांक संपवून समीकरणांपर्यंत पोचल्या होत्या. तिने कधी न शिकलेली गणितं समोर आली. प्रत्येक उत्तर चूक, आणि प्रत्येकाखाली ॲपचा शेरा: 'हे तुला आधी येत होतं.' तिसऱ्या दिवसानंतर काही नाही.

बाईंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"म्हणजे ती आली होती," त्या म्हणाल्या. "आणि लाइनवर मीच बसलेले."

मी खातं फेब्रुवारीत ती सोडून गेली त्या धड्यावर परत नेलं. ते आपोआप बंद होणार नाही असं केलं. बाईंनी तिचा पासवर्ड पुन्हा वापरला नाही.

ठिपका करडा झाला. मुलींची भीती मोडली, नीला त्या खुर्चीवर बसू लागली. मी हॉलमध्ये असले की बाई मात्र दीडला माझ्याकडून यादी उघडून घेतात आणि हात मांडीवर ठेवून बघत राहतात. तिला कळवायचं तर आत्याचा नंबर कोणाकडे नाही. वडील खोली सोडून गेले.

परवा एक चाळीसला ठिपका हिरवा झाला.

मी आधी बाईंच्या हातांकडे पाहिलं. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

धडा चौदा. अर्धा अधिक एक तृतीयांश. उत्तर आलं: दोन पंचमांश.

"चूक," बाई पुटपुटल्या. "तीच आहे."

सहा मिनिटांनी ठिपका करडा झाला. बाई उठल्या नाहीत.