उणे तीन हजार आठशे ओळी

संगणक विभागात इंटर्नशिपची क्रेडिट द्यायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या सरांना मुलं शिक्कासर म्हणत. पाठीमागे, अर्थातच. सव्वीस वर्षं ते संगणकशास्त्र शिकवत होते आणि तेवढ्या काळात त्यांनी लिहिलेला एकही प्रोग्राम कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. प्रोग्राम लिहिणं हे पोरासोरांचं काम, आपलं काम ते मोजणं, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ती त्यांच्या प्रकृतीला चांगलीच मानवली होती.

मोजायची त्यांची पद्धत ठरलेली होती. दोन महिने कंपनीत काम केलं की विद्यार्थ्याने अर्ज भरायचा, सोबत अहवाल आणि रोजनिशी जोडायची, आणि रोजनिशीच्या प्रत्येक पानावर कंपनीतल्या मार्गदर्शकाची सही हवी. अहवाल सर वाचत नसत. आधी त्याची जाडी बघत, मग बांधणी, मग सगळ्या सह्या एकाच बैठकीत तर ठोकलेल्या नाहीत ना, हे खिडकीशी नेऊन तपासत. शेवटी नववा रकाना: लिहिलेल्या प्रोग्रामच्या एकूण ओळी. हा रकाना त्यांनी स्वतः डोकं लढवून घातला होता. आकडा हजाराच्या वर असला की चार क्रेडिट. त्या वर्षी एका महाभागाने मामाच्या छपाईच्या दुकानात दोन महिने पंख्याखाली बसून अकरा हजार ओळी भरल्या. त्या कुठून उचलल्या, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सरांनी तो अहवाल नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवला.

आणि मग शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. तिच्या नवव्या रकान्यात होतं, उणे तीन हजार आठशे.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"सर, दवाखान्यात वेळ घ्यायचा प्रोग्राम होता. एकच काम त्यात सतरा ठिकाणी लिहिलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी जरा वेगळं. त्यामुळे दोन पेशंटना एकच वेळ मिळायची. मी सगळं एका जागी आणलं. चार हजार ओळी काढल्या, दोनशे लिहिल्या."

"म्हणजे काढल्याच की."

"हो सर. आता तो घोळ होत नाही. मार्गदर्शकांनी तसं लिहून दिलंय, पान बारावर."

पान बारा उघडण्याचा प्रश्नच नव्हता. "कंपनीत जाऊन काम करायचं असतं," सर म्हणाले, "केलेलं मोडायचं नसतं. अधिक आकडा घेऊन ये."

"सर, सोमवारपर्यंत क्रेडिट चढली नाहीत तर माझी पदवी अडकेल. आणि पदवी नसेल तर नोकरीचं पत्र रद्द होतंय."

"मग भर की. काढलेल्या ओळी परत घाल. अहवालातच तर घालायच्यात, दवाखान्यात कोण बघायला जातंय?"

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मुलीला त्यांच्या वतीने लाज वाटली. तिने अर्ज टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

"नाही सर. तुम्ही नामंजूर लिहा. खाली कारणाची जागा आहे, तिथे कारणही लिहा."

इथे सरांची पंचाईत झाली. नकार ते नेहमी तोंडी देत आले होते. मुलं मान खाली घालून जात आणि दोन दिवसांनी हवा तो आकडा घेऊन येत. कारणाची जागा सव्वीस वर्षं कोरी राहिली होती.

त्यांनी एक चिठ्ठी ओढून आधी कच्चं लिहिलं: 'विद्यार्थिनीने चुका दूर केल्यामुळे प्रोग्राम लहान झाला, सबब नामंजूर.' वाचलं आणि खोडलं. मग लिहिलं: 'विद्यार्थिनीने प्रोग्राम पुरेसा लांबवला नाही.' हे तर आणखीच भलतं दिसत होतं. खाली आपली सही, आणि हा कागद प्राचार्यांच्या टेबलावर, या कल्पनेनेच त्यांचे कान तापले. लाज असलेल्या माणसाने निदान आता तरी पान बारा उघडलं असतं. सरांनी शाईची डबी उघडली आणि 'मंजूर'चा शिक्का मारला.

"या वेळेपुरतं हं," ते म्हणाले. मुलगी आभार मानून गेली. ते मानायची खरं तर काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फळ्यावर सूचना लागली. नवव्या रकान्यात उणे आकडा यापुढे स्वीकारला जाणार नाही.

संध्याकाळी चहा घेताना सरांनी ही सगळी हकिकत बायकोला सांगितली. ती शाळेत गणित शिकवायची. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग पोरगी चुकली होती का?"

"छे. बरोबर होती."

"अहो, मग सूचना कशाला लावलीत?"

"बरोबर होती म्हणूनच लावली ना," सर म्हणाले. "दर वर्षी असं कुणी बरोबर यायला लागलं, तर मी मोजू काय?"