बांध चाचपणारा म्हातारा

पालमकडं निघालेली आमची एसटी गोदाकाठच्या एका गावात अडकली, तेव्हा नदी इतकी फुगली होती की मासे बाभळीच्या शेंड्यावर बसून गाव बघत होते. खोटं वाटलं तर माशांना विचारा. गाव आणि नदी यांच्यामधे फक्त एक मातीचा बांध होता, आणि पाणी त्याच्या माथ्यापासून वीतभर खाली.

डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा बांधाच्या गावाकडच्या अंगानं अनवाणी चालत होता. तळव्याला गार ओल लागली की थांबायचा, खेकड्याचं बीळ शोधायचा आणि त्यात कडबा नि चिखल ठासायचा.

"आबा, सरका तिथून! पलीकडं हत्ती बुडंल एवढं पाणी हाय," मी बांधाच्या माथ्यावरून ओरडलो.

शेजारी उभी असलेली गावातली बाई फिस्सकन हसली. "ह्या आबांना काय सांगता? बांध नको म्हणून हेच मोजणीवाल्याम्होरं आडवे झोपले व्हते."

म्हातारा मान वर न करता म्हणाला, "झोपलो की. माझं दीड एकर काळं रान ह्याच्या बुडाखाली गेलंय. आता ह्यो फुटला, तर ते फुकटच गेलं म्हणायचं."

तेवढ्यात त्याच्या पायाशी बांधातून गढूळ पाण्याचा बुडबुडा आला.

मी बूट काढले, खाली उतरलो आणि त्याचं चिखलाचं घमेलं उचललं.