विमलताईंची शेवटची फीत

आवाज अमर असतो. आमच्या रेडिओ केंद्रात तो साधारण तीन महिने टिकायचा. मग फीत पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी घेत. कोरी फीत क्वचितच मिळे. म्हणून नवं गाणं घ्यायचं असेल, तर कोणती जुनी फीत पुसायची हे कलाकाराने सांगायचं, असा रिवाज पडला होता. फितींचं कपाट माझ्या ताब्यात होतं.

विमलताई सकाळी मराठी लोकगीतं गात आणि दुपारी हिंदी फर्माइशीचा कार्यक्रम रंगवत. या दोन वेगळ्या बाया आहेत, अशी निम्म्या नागपूरची समजूत होती. ‘सकाळच्या बाईंनी दुपारच्या बाईंकडून गाणं शिकावं,’ असं एका श्रोत्याने कळवलं, तेव्हा ताईंनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “सांगते तिले. पण ते आयकते का कोणाचं!”

माइकवर त्यांच्या दोन्ही भाषा इस्त्रीच्या असत. लाल दिवा विझला की इस्त्री मोडायची. “मराठीत चुकलं तं सासर बोलते. हिंदीत चुकलं तं कोणी नाही बोलत, म्हणून गळा मोकळा लागते,” असं त्यांचं दोन भाषांविषयीचं एकूण चिंतन होतं. इतवारीच्या बाजारात भांडी घेताना त्या प्रत्येक गंज, म्हणजे पातेलं, बोटाने वाजवून बघत. एकदा दुकानदार वैतागला, “बाई, भाजी शिजवाची आहे का भजन कराचं आहे?” ताईंनी त्याला तिथेच दोन ओळी गाऊन दाखवल्या आणि दुसरा गंज घेतला.

फितीचा प्रश्न आला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

“कोणती पुसू, ताई?”

“माहीच पूस.”

“दुसऱ्यांच्याही आहेत की.”

“दुसऱ्याचा गळा कसा पुसू गा, वसंता? माहा तं अजून गळ्यातच आहे.”

मी पुसत गेलो. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी ‘विमलताईंचा आवाज हा आमचा ठेवा आहे’ असं सांगितलं आणि शाल दिली. ठेवा कुठे ठेवला आहे, हे मला कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. आवाज चाळणीतून पडल्यासारखा होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं होतं. हातात आठ दिवस होते. “पणतीले आयकवासाठी एक गाणं दे गा. मराठी नसंल तं हिंदी दे.”

“आत्ताच मोबाइलवर घेऊ या का?”

“या आवाजात? भेवंल पोरगी.”

मीही निवृत्त झालो होतो. अर्ज करून केंद्रात गेलो, तीन दिवस कपाट उपसलं. त्यांच्या शेवटच्या फितीवर नव्या इमारतीच्या उद्घाटनाचं भाषण होतं. भाषण संपल्यावर मात्र जुन्या ध्वनिमुद्रणाचं शेपूट उरलं होतं. गाणं आधीच संपलेलं. ताई मला विचारत होत्या: “झालं ना गा, वसंता? मंग सांगत काहून नाही? उभीच आहो मी.” त्यानंतर खरखर.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मी तो तुकडा मोबाइलवर त्यांना ऐकवला. त्यांनी तो दोनदा ऐकला.

“अन् गाणं?”

“नाही मिळालं.”

“माहीच पूस, असं मीच म्हणत होती ना?”

“हो.”

“मंग तुहा काय दोष,” असं म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला. “हेच दे तिले.”

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. पाच महिने पाटीवर लिहीत होत्या. बहुतेक वेळा ‘पाणी’ किंवा ‘पंखा’. मग गेल्या.

तो तुकडा आता त्यांच्या नातसुनेच्या मोबाइलवर आहे. तिने तो गजराला लावला आहे. रोज सकाळी सहाला वाजतो. त्या घरात सातच्या आधी कोणी उठत नाही.